तो फक्त ‘कडू’ म्हणाला

करांदा थोडा कडूच असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी गुहागरचा. कार्तिकात आई मिठाच्या पाण्यात करांदे, वेलाला लागणारे ते बटाट्यासारखे कंद, उकडायची आणि आम्ही भावंडं साल काढून ते नुसतेच खायचो. पाहुणा मुंबईचा असला की पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायचा, आणि आम्हाला त्याची भारी गंमत वाटायची. आपला कोण आणि परका कोण, हे ओळखायची ती आमची घरगुती परीक्षा होती. हे आधी सांगतोय ते स्वतःची बाजू सावरायला नाही. बाजू सावरायचं काम मी एकदा केलंय, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझं नाव नारायण. सिल्वासात जमीनमोजणीचं काम करण्यात तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. माझ्या बरोबरीची माणसं रविवारी बायकामुलांना घेऊन वासोण्याला सिंह बघायला जायची, नाहीतर दमणला. मी माझ्या माणसांना सुरंगीच्या डोंगरावर चढवायचो. माझी बायको प्रमिला शाळेत शिक्षिका. आठवडाभर चाळीस पोरांपुढे घसा कोरडा केल्यावर रविवारी तिला आठ वाजेपर्यंत झोपावंसं वाटायचं. मी तिला साडेपाचला उठवून बूट घालायला लावायचो. मुलगा प्रथमेश पाच वर्षांचा असताना तंबूच्या खुंट्या ठोकायला लागला, नऊ वर्षांचा असताना काडेपेटीशिवाय जाळ करायला शिकला. हाताला फोड आले तरी मी पुन्हा करायला लावायचो. रानात एकटा सापडलास तर कोण येणार आहे, असं मी त्याला विचारायचो. एकदा तो फुंकर मारता मारता म्हणाला, बारकूकाका येईल. मला त्या उत्तराचा राग आला होता.

बारकू सुरंगीचा. मी नोकरीला नवा असताना त्या भागातल्या मोजणीवर साखळी धरायला म्हणून आला आणि मग आमच्या घरचाच झाला. वयाने माझ्याएवढा, अंगाने माझ्या निम्मा. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारी आणि पावसाळ्यात स्वतःचं भात, एवढाच त्याचा संसार. कोरड्या ओढ्यात कुठे हातभर उकरलं की पाणी लागतं, कुठलं लाकूड धूर करत नाही, खेकडा कुठल्या बाजूने धरायचा, हे सगळं आम्हाला त्याने शिकवलं. प्रथमेश रानात चालायला शिकला तो त्याचंच बोट धरून. दिवाळीला आम्ही त्याच्याकडे फराळ घेऊन जायचो आणि येताना त्याची बायको कोंडाबाई नागलीचं पीठ बांधून द्यायची.

पुढे मी सिल्वासात ‘रानवाट’ नावाचा ग्रुप काढला. साठेक माणसं होती. कारखान्यांतले इंजिनिअर, बँकवाले, दातांचे दोन डॉक्टर. शनिवारी बारकूकडून शिकलेलं मी रविवारी त्यांना शिकवायचो, आणि ते कुणाकडून शिकलो हे सांगायचं राहून जायचं. लोक मला सर म्हणायचे. प्रमिला टोमणा मारायची की गुरुजी, कधीतरी तुमच्या गुरुजींनाही बोलवा की. मी हसून घालवायचो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात प्रथमेशचं लग्न झालं. सून सोनम नरोलीची. म्हणजे मूळची खानदेशातली. वडील गोकुळराव चोपड्याहून इथे धाग्याच्या कंपनीत आले आणि नरोलीतल्या भाड्याच्या खोलीतच पोरगी वाढली. डोंगर तिने पाहिले ते गच्चीवर कपडे वाळत घालताना. कार्तिकात मी नेहमीसारखा सुरंगीचा मुक्काम ठरवला, तेव्हा प्रमिलाने तिला बाजूला घेऊन सांगितलं की तुला नको वाटलं तर माझं नाव पुढे कर, मीही सुटेन. सोनम म्हणाली, “मला येऊ द्या आई. मला पण तुमच्यातलं व्हायचंय.” हे मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही चढायला लागलो. प्रथमेश आणि सोनम पुढे, प्रमिला तिच्या गुडघ्यांशी बोलत बरीच मागे, आणि मधे मी आणि बारकू. बारकूच्या डोक्यावर आमचा तंबू होता. एका वळणावर ऐनाच्या झाडावर चढलेला वेल दिसला आणि त्याला लोंबणारे करांदे. गुहागर सोडल्यापासून इतके करांदे मी एका जागी पाहिले नव्हते. मी अक्षरशः पोरासारखा धावलो आणि पिशवी भरून घेतली. सुनेला आपल्या घरचं काहीतरी खाऊ घालायचं, हे तिथेच मनात आलं.

बारकू तंबू खाली ठेवून जवळ आला. “साहेब, ते कडू हायेत,” तो म्हणाला. “राख लावून रातभर व्हाळात ठेवाय लागंल.”

मी त्याला म्हटलं की अरे बाबा, आम्ही कोकणातले, करांदा आम्हाला कडूच आवडतो. तो हसला. मग थोडं चालून गेल्यावर त्याने पुन्हा तेच सांगितलं, राख आणि रातभर व्हाळ, म्हणजे वाहता ओढा. मी म्हटलं, बरं बरं. त्याच्याकडे भाताची झोडणी चालू होती, म्हणून आम्हाला वर पोचवून तो चारच्या आत उतरून गेला.

इथे मला एक कबूल करायचंय. आमच्याकडचा करांदा परसातला, पिढ्यान्‌पिढ्या लावलेला; हा रानातला. दोन्ही कडू, पण आमच्याकडे कडू ही चव आहे आणि सुरंगीत कडू म्हटलं की त्याचा अर्थ, अजून खायच्या लायक नाही. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, हे खरं. पण राख आणि व्हाळ हे दोन शब्द मी ऐकले होते, तेही दोनदा. आमच्या तंबूपासून दहा पावलांवर व्हाळ रात्रभर वाहत होता आणि करांद्यांची पिशवी मी फांदीला टांगून ठेवली होती. पाण्यात ठेवलं तर चव जाईल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, करांदा कसा खायचा हे बारकूने मला सांगावं, हे मला रुचलं नव्हतं. रानातलं सगळं त्याचं असलं तरी करांदा माझा होता.

रविवारी सकाळी नऊला मी मीठ घालून ते उकडले. पहिला तोंडात टाकला तेव्हा कडूपणा थेट कानापर्यंत गेला. असा करांदा मी कधी खाल्ला नव्हता. तेव्हाच पातेलं उपडं करायला हवं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझी फुशारकी आदल्या रात्रीपासून चालली होती की तोंड वाकडं करील तो आमच्या घरचा नव्हे. मी शांतपणे गिळला. प्रथमेशने अर्धा थुंकला. प्रमिलाने माझी पाठ वळल्यावर आपला वाटा जाळात टाकला, हे तिने मला नंतर सांगितलं. सोनम माझ्याकडे बघत एकामागून एक पाच करांदे खाऊन गेली. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही तिने. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, शाब्बास, आता तू आमची.

अकराच्या सुमाराला तिला मळमळायला लागलं. मलाही पोटात ढवळत होतं, पण मी दोनच खाल्ले होते आणि ते ओकून टाकले. तिच्या उलट्या थांबेनात. साडेबारापर्यंत ती हाक मारली तरी डोळे उघडेना. वीस वर्षं मी लोकांना रानात जगायचं कसं ते शिकवत होतो, आणि त्या वेळी मला तिचे पाय वर करायचे की डोकं, तेही आठवेना. प्रथमेश धावत खाली गेला आणि बारकूला घेऊन आला. बारकूने बरोबर दोन गडी आणले होते. त्याने चादरीची झोळी केली, बांबूला बांधली आणि तिघांनी मिळून तिला रस्त्यापर्यंत उतरवलं. निघताना चुलीजवळ पडलेल्या साली त्याने पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि बांबू खांद्यावर घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की काय खाल्लं आणि ते खायला कुणी सांगितलं. साधाच प्रश्न होता. पण माझ्या एका बाजूला प्रथमेश उभा होता, घामाने भिजलेला, आणि दुसऱ्या बाजूला नरोलीहून आलेले गोकुळराव आणि त्यांची बायको कावेरीबाई. कावेरीबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

“करांदे खाल्ले,” मी म्हणालो. “तिथला एक माणूस आहे, बारकू. तो फक्त कडू आहेत म्हणाला.”

या दोन वर्षांत मी ते वाक्य किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल. करांदे खाल्ले हे खरं. बारकू आहे हे खरं. कडू म्हणाला हेही खरं. ‘फक्त’ एवढा शब्द माझा होता, आणि त्या एका शब्दाने सगळं खापर बारकूच्या डोक्यावर फुटलं. रानात आमच्या दोघांचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं, हे बोलताना मला पक्कं माहीत होतं.

सोनम नऊ दिवस दवाखान्यात होती. यकृताला सूज आली होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता धोका टळला, तोवर मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच ठाऊक. पण खरं सांगायचं कबूल केलं नाही. उलट त्याच आठवड्यात ‘रानवाट’च्या ग्रुपवर मी लांबलचक सूचना लिहिली. स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून रानातलं काहीही तोंडात घालू नये, त्यांना प्रमाणाचं भान नसतं, असं त्यात होतं. चाळीस जणांनी हात जोडले आणि दातांच्या एका डॉक्टरांनी लिहिलं की सर, तुमच्या अनुभवाचा आम्हाला फायदा.

गोकुळराव मात्र सूचनेवर थांबणारे नव्हते. सोनमला घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी ते कंपनीतले दोघे घेऊन सुरंगीला गेले. परत आल्यावर त्यांनी मला फोन केला. “चांगला झापला त्याले, सगळ्या पाड्यासमोर,” ते म्हणाले. “आमच्या पोरीले काही झालं असतं म्हणजे? नुसता हात जोडून उभा होता. चुकलं म्हने.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मला त्या वेळी आठवली नाही. मला हायसं वाटलं. बारकू काही उलट बोलला नाही, प्रकरण मिटलं, असं वाटून मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर तंबू माळ्यावर गेला. पुढच्या दिवाळीला आम्ही सुरंगीला गेलो नाही. प्रमिलाने एकदा विचारलं, मी म्हटलं की आता कुठल्या तोंडाने तो भेटेल आपल्याला. असं मी म्हणालो, आणि तिला ते पटलं. ग्रुपचं काम दुसऱ्याकडे दिलं. लोकांना वाटलं, सरांनी मनाला लावून घेतलंय, केवढा हळवा माणूस. घरात तर माझी जास्तच काळजी घ्यायला लागले. विषय निघाला की सोनमच म्हणायची, बाबांचा काय दोष, त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

या वर्षी एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, नात तिच्या मांडीवर भाताची शितं चिवडत होती. सोनम सहज म्हणाली की यंदा तंबू काढूया का बाबा, हिला पण रान दाखवू. दोन वर्षांत माझ्या घरात कुणी मला इतकं मोठं दान दिलं नव्हतं. मी हो म्हणणार एवढ्यात ती पुढे म्हणाली, “फक्त तो बारकू नको. त्या माणसाच्या भरवशावर मी माझ्या मुलीला नेणार नाही.” आणि ज्याने बारकूचं बोट धरून पहिली टेकडी चढली तो माझा मुलगा म्हणाला, “त्याचं नावच काढू नकोस.”

 मी ताटावर हात ठेवून सगळं सांगितलं. राख सांगितली, व्हाळ सांगितला, दोनदा सांगितला होता हे सांगितलं, ‘फक्त’ हा शब्द कसा घातला तेही.  प्रमिलाने शाळेत पोराला विचारावं तसं विचारलं, “व्हाळ किती लांब होता?” मी म्हटलं, दहा पावलं. ती उठून आत गेली.

प्रथमेशने माझ्याकडे पाहिलंच नाही. सोनम बराच वेळ मुलीचे हात पुसत होती. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग बाबा? मी तर बरी झाले. त्यांना सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच स्कूटरवर सुरंगीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. तो चिडेल, हाकलून देईल, चार माणसांपुढे मला उभं करील, याची तयारी ठेवली होती. म्हटलं, तसं झालं तर फारच बरं.

बारकू अंगणात सूप घेऊन भात पाखडत होता. मला बघून लगबगीने उठला, बाज ओढली, पाणी आणलं. दोन वर्षांत त्याचे केस पार पांढरे झाले होते. सुनबाई बऱ्या हायेत ना, हे त्याने पहिलं विचारलं. नात झाली म्हटल्यावर त्याला एवढा आनंद झाला की त्याने कोंडाबाईला आतून बाहेर बोलावलं. ती आली, पण दारातच उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली नाही.

मी मग वेळ घालवला नाही. “बारकू, तू मला सांगितलं होतंस,” मी म्हणालो. “राख लावून रातभर व्हाळात ठेवा, असं तू दोनदा सांगितलंस. मी ऐकलं नाही. आणि दवाखान्यात तुझं नाव पुढे केलं. चूक माझी होती. उद्या गोकुळरावांना घेऊन येतो आणि सगळ्या पाड्यासमोर सांगतो.”

तो खाली बघत राहिला. सुपातलं भात बोटांनी सारखं करत होता. मग त्याने मान हलवली. “नाय साहेब,” तो म्हणाला. “मी कडू येवढंच बोललो व्हतो.”

मला वाटलं, तो मला वाचवतोय. मी पुन्हा सांगितलं, वळण सांगितलं, ऐनाचं झाड सांगितलं. तेवढ्यात कोंडाबाई दारातून बोलली. “पहिले आठ दिस हेच सांगत व्हते. ‘मी सांगितलं, राखेचं सांगितलं, व्हाळाचं सांगितलं.’ झोपेत पन तेच. मग ते नरोलीवाले येऊन गेले आनि हे गप झाले. तवापासून कुनाला रानातलं काय दावत नाय. आपल्या नातवांना बी नाय. पोरं इचारतात, आज्या, ह्यो कंद खायचा का? तर म्हनतात, मला ठावं नाय.”

“पण तू सांगितलं होतंस,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “मी इथे शपथेवर सांगतो, तू सांगितलं होतंस.”

बारकूने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आजारी माणसाची समजूत घालावी तसा तो बोलला.

“तुमी मन मोठं करून माझ्यासाठी बोलताय, ते कळतंय मला. पन मी लई इचार केला साहेब. मी नसंन सांगितलं. सांगितलं असतं, तर तुमच्यासारखा मानूस तसं कसं करील?”